रमाबाईंच्या आठवणी
न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे १९०१ सालीं निवर्तले. विधवेनें कोपऱ्यांत बसून आयुष्य कंठावें, अशी तेव्हांची रूढि होती. रमाबाईंचा शोक मात्र कोंडून राहिला नाहीं. १८७३ सालीं त्या लग्न होऊन सासरीं आल्या तेव्हां त्यांना अक्षरओळखही नव्हती. घरांतील स्त्रियांचा विरोध असतांही पतीनें त्यांना शिकविलें. तीच विद्या रमाबाईंनीं १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनांत इतर स्त्रियांना मिळवून दिली. आणि पतीनें शिकविलेल्या अक्षरांनींच लिहिलेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० सालीं प्रसिद्ध केल्या. गेलेल्या माणसाचें ऋण त्याला परत करतां येत नाहीं. त्यानें दिलें तें दुसऱ्यास देतां येतें. शोक त्यानें संपत नाहीं, परंतु सोसवतो.