फारखत, यजितखत व पटेल : सावनेरच्या एका दप्तराच्या निमित्तानें

मोडी अक्षर लागलें म्हणजे कागद लागला, असा आपल्यांतील पुष्कळांचा समज असतो. न्यायव्यवहाराचे कागद हा समज खोटा ठरवितात. त्यांतील शब्द आजच्या बोलण्यांतले असतात. अर्थ मात्र त्या काळचा असतो.

नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरील सावनेर येथील एका गृहस्थांनीं आपलें घरगुती दप्तर आम्हांस दाखविलें. एका कागदाच्या माथ्यावर 'फारखत' हा शब्द होता. तेवढ्यावरून, पूर्वजांपैकीं कोणीं तरी स्त्रीस सोडिलें होतें, अशी समजूत त्या घरांत चालत आली होती व तो कागद कोणास दाखवीत नसत. आम्हीं वाचला तों तो कर्जफेडीचा निघाला. अरबी 'फारिग' म्हणजे मोकळा. फारखत म्हणजे मोकळिकीचा लेख. काडीमोड हा त्याचा एक अर्थ खरा. पण सावकार ऋणकोस, किंवा वांटणीनंतर भाऊ भावास, लिहून देई तीहि फारखतच. कोणीं कोणास कशांतून मोकळें केलें, हें पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

'राजीनामा' शब्दाची गत तशीच. आज तो नोकरी सोडल्याचें पत्र होय. मराठेशाहींतील निवाड्याच्या कागदांत मात्र, पंच देतील तो निर्णय आम्हांस मान्य, असें वादी व प्रतिवादी राजी होऊन लिहून देत, तो राजीनामा. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष आपला दावा खोटा ठरल्याची कबुली देई, तें 'यजितखत'. धर्मशास्त्रांतील 'जयपत्र' याहून निराळें. तें जिंकणाऱ्यास न्यायसभेकडून मिळे. परंतु दोन्ही लेख जिंकणाऱ्याच्याच हातीं जात. म्हणून एखाद्या घराण्याच्या दप्तरांत यजितखत सांपडलें, तर तें घराणें हरलें असें न समजतां बहुधा जिंकलें असेंच समजावें.

यावरून एक साधा नियम हातीं लागतो : कागद ज्याच्या हिताचा, त्याच्या घरीं तो राहतो. फारखत ऋणकोकडे, खरेदीखत घेणाराकडे, गहाणखत ऋण फिटेपर्यंत सावकाराकडे. याज्ञवल्क्यानें लेख, भोगवटा व साक्षी हीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. पैकीं लेख जपण्याची काळजी ज्याला त्याचा उपयोग, त्यालाच असणार.

काळाप्रमाणें स्थळहि पाहावें लागतें. पुणें प्रांतीं पाटिलकी हें वंशपरंपरेचें वतन. तें विकलें व गहाण टाकलें जाई. भोसल्यांच्या नागपूर राज्यांत मात्र पटेल हा बहुतांशीं ठराविक मुदतीनें गांवचा वसूल पत्करणारा होता. त्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर चाले. रेसिडेंट जेंकिन्स याच्या 1827 च्या अहवालांत ही व्यवस्था नमूद आहे. 1854 मध्यें राज्य खालसा झाल्यावर, 1860 नंतरच्या बंदोबस्तांत अशा मालगुजारांस मालकी हक्क मिळाले. ते 1951 मध्यें संपुष्टांत आले. तेव्हां भोसलेकालीन कागदांत 'पटेल' दिसतांच गांवची मालकी कल्पिणें म्हणजे नातवाचा हक्क आजोबास बहाल करणें होय.

संग्राहकांस आमची एकच विनंति आहे. सुंदर अक्षराचा किंवा ठळक शिक्क्याचा कागद निवडून घेऊन बाकीचें दप्तर रद्दींत जाऊं देऊं नये. रुमाल सुटला कीं कागद कोणत्या घरचा हें कळेनासें होतें. आणि तें न कळलें तर यजितखत जिताचें कीं हरल्याचें, फारखत घेतलेली कीं दिलेली, हें ठरविण्याचें एक मोठें साधन हातचें जातें. गांव, घर व रुमालांतील क्रम एवढें तरी टिपून ठेवावें.

सावनेरचे ते गृहस्थ आपलें दप्तर विकावयास निघाले होते. फारखतीचा अर्थ कळल्यावर त्यांनीं तो विचार सोडला, व तो कागद घरांतील सर्वांस वाचून दाखविण्यास आम्हांस सांगितलें.