नाव, रंग आणि नीती : फेरेन्त्सवारोश क्लबचा वृत्तान्त

देवस्थाने, उत्सव, सारस्वतांचा नि इतर ज्ञातींचा इतिहास यांविषयी वाचण्याची ज्यांस सवय आहे, त्या आमच्या वाचकांपुढे हंगेरीतील एका फुटबॉल क्लबची हकीकत ठेवताना आम्हांस किंचित संकोच वाटतो. परंतु संस्था कशाने टिकते, या प्रश्नाचा विचार करू लागले की असे दूरचे उदाहरणही उपयोगी पडते. आपल्या मंडळाचे नाव, त्याचे निशाण, त्याची जागा आणि त्याची घटना यांपैकी नेमके काय गेले असता मंडळ गेले असे म्हणावे? बुडापेस्ट शहरातील फेरेन्त्सवारोश क्लबवर हा प्रश्न सोडविण्याचा प्रसंग एकदा नव्हे, अनेकदा आला. त्याची उत्तरे सर्वच गौरवास्पद आहेत असे नाही. म्हणूनच ती पाहण्याजोगी आहेत.

फेरेन्त्सवारोश हे मुळात क्लबचे नाव नसून एका पेठेचे नाव होय. डॅन्यूब नदीच्या पूर्वतीरावरील पेश्त नगराच्या दक्षिणेस वसलेल्या या उपनगरास 1792 साली, त्याच वर्षी राज्याभिषेक झालेल्या फेरेन्त्स राजाचे नाव देण्यात आले. 'वारोश' म्हणजे नगर. 1873 साली बुडा, ओबुडा आणि पेश्त ही नगरे एकत्र होऊन बुडापेस्ट झाले, तेव्हा हा भाग राजधानीचा नववा प्रभाग ठरला. नदीकाठी वाफेवर चालणाऱ्या मोठमोठ्या पिठाच्या गिरण्या, जवळच शहराचा मोठा कत्तलखाना, बाजाराच्या वखारी आणि त्यांत राबणाऱ्या कामकऱ्यांच्या चाळी, असे या वस्तीचे रूप होते. येथे जर्मनभाषक कुटुंबेही पुष्कळ होती. ती आपल्या पेठेस 'फ्रान्त्सश्टाट' म्हणत. त्याच शब्दापासून 'फ्रादी' हे क्लबचे लाडके नाव आले. पुढे ज्या क्लबकडे अस्सल मग्यार बाण्याचे प्रतीक म्हणून पाहिले गेले, त्याचे घरगुती नाव असे जर्मन शब्दातून निघालेले आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

3 मे 1899 रोजी या पेठेतील रहिवाशांनी 'फेरेन्त्सवारोशी टोर्ना क्लब', म्हणजे फेरेन्त्सवारोशची व्यायामसंस्था, स्थापन केली. फेरेन्त्स श्प्रिंगर नावाचे वकील हे तिचे पहिले अध्यक्ष. संस्थेने हिरवा आणि पांढरा हे रंग निवडले. तिच्या चिन्हावर पाच हिरवे आणि चार पांढरे मिळून नऊ पट्टे आहेत. नववा प्रभाग हा त्यांचा अर्थ. त्याच चिन्हावर 'ए' हे अक्षर तीनदा येते. मग्यार भाषेत या अक्षराने आरंभ होणारे तीन शब्द संस्थेने ब्रीद म्हणून स्वीकारले : नीती, बल आणि ऐक्य. या तिहींत नीतीला पहिले स्थान दिले आहे. संस्थापकांनी हा क्रम विचारपूर्वक ठरविला असावा असे आम्हांस वाटते. मात्र पुढील शतकात या क्रमाची कसोटी किती कठोरपणे लागेल याची कल्पना त्यांस कोठून असणार!

फुटबॉलची शाखा 1900 साली निघाली आणि 1903 साली क्लबने राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले विजेतेपद मिळविले. 12 फेब्रुवारी 1911 रोजी उल्लोई मार्गावरील स्वतःच्या क्रीडांगणाचे उद्घाटन झाले. त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी होता एमटीके हा क्लब. फेरेन्त्सवारोशने 2-1 असा विजय मिळविला आणि नव्या मैदानावरील पहिला गोल इम्रे श्लोसर या विख्यात खेळाडूने केला. एमटीकेची स्थापना 1888 सालची. बुडापेस्टमधील सुशिक्षित मध्यमवर्ग आणि विशेषतः ज्यू नागरिक यांचा त्या क्लबशी निकटचा संबंध होता. या दोन क्लबांची चुरस हीच जवळजवळ अर्धशतक हंगेरियन फुटबॉलची मुख्य कथा होती. आरंभी ती निव्वळ खेळाची चुरस होती. तोच श्लोसर पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात एमटीकेत गेला आणि तेथेही विजेता ठरला. दोन घरांमध्ये अशी ये-जा चालू होती, तोवर त्यांमधील भिंत फार उंच नव्हती असेच म्हणावे लागेल.

महायुद्धात पराभूत होऊन हंगेरीने आपला मोठा प्रदेश गमावला. अशा खचलेल्या देशात फुटबॉलच्या यशाला खेळापलीकडचे मोल आले. 1928 साली फेरेन्त्सवारोशने मध्य युरोपातील क्लबांसाठी असलेला मित्रोपा चषक जिंकला. अंतिम फेरीत व्हिएन्नाच्या रापिड संघावर बुडापेस्टमध्ये 7-1 अशी मात केली होती. तिच्या बळावर परतीच्या सामन्यातील 3-5 हा पराभव निभावून गेला. 1931-32 च्या हंगामात या संघाने राष्ट्रीय स्पर्धेतील 22 पैकी 22 सामने जिंकून शंभराहून अधिक गोल केले. 1937 साली लात्सिओवर दोन्ही सामन्यांत विजय मिळवून मित्रोपा चषक दुसऱ्यांदा घरी आणला. त्या संघाचा अग्रणी द्यॉर्द शारोशी हा कायद्याचा पदवीधर, डॉक्टर म्हणून ओळखला जाणारा. 1938 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरीचा कर्णधार तोच होता. हे 'बला'चे पर्व होय.

नीतीच्या परीक्षेचा काळ त्यानंतर आला. हंगेरीत ज्यूविरोधी कायदे झाले आणि 1940 साली एमटीके क्लब, जो तेव्हा 'हुंगारिया' या नावाने खेळत होता, बंद पडला. 19 मार्च 1944 रोजी जर्मन सैन्याने देश व्यापला. त्यानंतरच्या सरकारात आंदोर यारोस हा गृहमंत्री होता. लाखो ज्यूंना आगगाड्यांत कोंडून ऑशविट्झकडे धाडण्याचे काम त्याच्या खात्याच्या यंत्रणेने पार पाडले. त्याच वर्षी हा गृहस्थ फेरेन्त्सवारोश क्लबचा अध्यक्ष झाला. संस्थेच्या इतिहासातील हा डाग पुसता येण्यासारखा नाही आणि पुसूही नये. ज्या चिन्हावर नीती हा शब्द पहिला, त्या चिन्हाखाली असा मनुष्य अध्यक्ष म्हणून बसला.

परंतु त्याच संस्थेने दुसरा एक मनुष्यही घडविला होता. इश्त्वान टोथ, सर्वांस 'पोत्या' या टोपणनावाने परिचित, हा फेरेन्त्सवारोशचा जुना खेळाडू. 1928 चा मित्रोपा चषक जिंकणाऱ्या संघाचा प्रशिक्षकही तोच. जर्मन अमलाखालील बुडापेस्टमध्ये त्याने गेझा केर्तेस या दुसऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या साथीने छळास बळी पडणाऱ्या ज्यूंना वाचविण्याचे कार्य आरंभिले. दोघेही पकडले गेले. 6 फेब्रुवारी 1945 रोजी 'बाणक्रूस' या हंगेरियन नाझी पक्षाच्या लोकांनी त्यांस बुडामध्ये ठार मारले. नदीपलीकडचे पेश्त जानेवारीतच मुक्त झाले होते, बुडाचा वेढा 13 फेब्रुवारीस संपला. एक आठवडा निघता तर हे दोघे वाचते. एकाच वर्षाच्या आत, एकाच क्लबच्या नावाने, यारोस आणि टोथ असे दोन पुरुष इतिहासात नोंदले गेले. फेरेन्त्सवारोश म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर या दोघांपैकी एकाची निवड करावी लागते. ती निवड प्रत्येक पिढीस नव्याने करावी लागते, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

युद्धानंतर अर्धशतकाच्या उत्सवी वर्षात, 1948-49 च्या हंगामात, क्लब पुन्हा विजेता झाला. 30 सामन्यांत 140 गोल आणि त्यांतील 59 एकट्या फेरेन्त्स देआकचे! पण हा आनंद अल्पकाळचा ठरला. साम्यवादी सत्तेने सर्व क्लब सरकारी खाती आणि कामगार संघटना यांत वाटून टाकले. होन्वेद सैन्याकडे, उयपेश्त पोलिसांकडे आणि एमटीके अखेर गुप्त पोलिसांकडे गेला. फेरेन्त्सवारोश अन्नपदार्थ-कामगारांच्या संघटनेस जोडण्यात आला. युद्धकाळातील उजव्या राजकारणाचा कलंक या क्लबला लावणे नव्या सत्तेस सोयीचे होते. टोथचे बलिदान मात्र तिने जमेस धरले नाही. 1950 साली क्लबला संघटनेचे नाव मिळाले आणि 1951 साली ते बदलून 'किनिझी' असे झाले. किनिझी हा पंधराव्या शतकातील सेनापती. लोककथेत तो गिरणीवाल्याचा मुलगा म्हणून प्रसिद्ध आहे. हिरव्या-पांढऱ्या रंगांच्या जागी लाल-पांढरे रंग आले. शांदोर कोचिश आणि लास्लो बुदाई सैन्याच्या होन्वेदमध्ये नेले गेले, देआक पोलिसांच्या संघात गेला आणि झोल्तान त्सिबोरही फेरेन्त्सवारोश सोडून गेला. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्बली येथे इंग्लंडचा 6-3 असा पराभव करणाऱ्या हंगेरियन संघात कोचिश, बुदाई आणि त्सिबोर हे तिघेही होते. जगाने त्यांस पुश्काशचे सहकारी म्हणून ओळखले. उल्लोई मार्गावरील जुन्या प्रेक्षकांस ते आपलेच गडी वाटत.

नाव गेले, रंग गेले, उत्तम खेळाडू गेले. मग उरले काय? माणसे उरली. सूचनापत्रावर किनिझी छापले असले तरी पेठेतील लोक 'फ्रादी' असेच म्हणत आणि लाल-पांढऱ्या पोशाखातील खेळाडूंस जुन्याच नावाने हाका मारीत. सभा, संघटना, वृत्तपत्रे सर्व बंदिस्त असलेल्या देशात जुन्या नावाने घोषणा देणे हीच एक प्रकारची साक्ष होती. ऑक्टोबर 1956 मध्ये उठाव झाला. त्या दिवसांत क्लबने आपले मूळ नाव आणि हिरवे-पांढरे रंग परत घेतले. 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी उठाव चिरडला, पण नाव मात्र राहिले. उठावाने मिळविलेल्या गोष्टींपैकी फारच थोड्या टिकल्या. हे नाव त्यांतील एक होय.

पुढील दशक ऐक्याचे म्हणावे लागेल. हेर्त्सेगसांतो या खेड्यात 1941 साली जन्मलेला फ्लोरियान अल्बेर्त हा त्या काळाचा नायक. सारी कारकीर्द तो याच क्लबकडून खेळला. 1965 च्या फेअर्स चषकात फेरेन्त्सवारोशने रोमा, बिल्बाओ आणि मँचेस्टर युनायटेड यांस हरवून अंतिम फेरी गाठली. 23 जून 1965 रोजी तुरीनमध्ये, युव्हेंटसच्या स्वतःच्या मैदानावर, माते फेन्यवेशी याच्या एकमेव गोलने चषक जिंकला. फेन्यवेशी पशुवैद्य होता आणि पुढे संसदसभासदही झाला. 1967 साली अल्बेर्तला युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा सुवर्णचेंडू मिळाला. आजवर हा मान मिळविणारा तो एकमेव हंगेरियन आहे.

1989 नंतर सरकारी बंधने सुटली, परंतु स्वातंत्र्याबरोबर दुसरे दुखणे उघडे पडले. 1995 साली चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला हंगेरियन क्लब होण्याचा मान फेरेन्त्सवारोशने मिळविला. त्याच काळात त्याच्या काही पाठिराख्यांच्या ओठी ज्यूद्वेष्ट्या घोषणा येऊ लागल्या. एमटीकेविरुद्धच्या सामन्यांत मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या आगगाड्यांचा उल्लेख करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. 2001 साली एमटीकेची मालक असलेल्या कंपनीनेच फेरेन्त्सवारोशचा फुटबॉल विभाग विकत घेतला, तेव्हा झालेल्या विरोधातही या द्वेषाचा विखार मिसळला होता. ज्या क्लबच्या प्रशिक्षकाने ज्यूंसाठी प्राण दिले, त्याच्याच नावाने हे व्हावे, याहून विस्मरणाचे कटू उदाहरण कोणते? नऊ पट्टे पाठ असावेत आणि पहिला शब्द विसरावा, असा हा प्रकार.

2006 साली आर्थिक दुरवस्थेमुळे परवाना नाकारला जाऊन क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला आणि तीन हंगाम तेथे राहून 2009 मध्ये परतला. त्या पडत्या काळातच, 2007 साली, क्रीडांगणास अल्बेर्तचे नाव देण्यात आले. अल्बेर्त तेव्हा हयात होता. 2011 साली तो निवर्तला. त्याच वर्षी तेव्हाच्या सत्ताधारी फिदेस पक्षाचे नेते गाबोर कुबातोव क्लबचे अध्यक्ष झाले. जुने क्रीडांगण पाडून 2014 साली त्याच जागी सुमारे 22 हजार प्रेक्षकांचे नवे क्रीडांगण उभे राहिले. त्यास नाव मिळाले ते एका विमा कंपनीचे. पैसा आला, यश आले. 2025 पर्यंत राष्ट्रीय विजेतेपदांची संख्या 36 झाली. एकेकाळी सत्तेने ज्याचे नाव काढून घेतले, तो क्लब आता सत्तेच्या निकट जाऊन बसला. विरोधकांनी यावर टीका केली, पाठिराखे विजयाकडे बोट दाखवीत राहिले.

या हकीकतीचा निर्णय काय करावा? नाव बळाने हिरावले तरी लोक ते जपतात, हे 1956 ने दाखविले. रंग बदलले तरी मने बदलत नाहीत, हे किनिझीच्या वर्षांनी सिद्ध केले. परंतु नाव आणि रंग शाबूत असूनही संस्थेचा आत्मा हरवू शकतो, हे 1944 ने आणि पुढे प्रेक्षकांतील त्या घोषणांनी दाखविले, आणि हा धडा अधिक मोलाचा आहे. बाहेरच्या शत्रूने नेलेली वस्तू परत मिळविता येते. आपणच टाकून दिलेली वस्तू नेली कोणी, असे विचारण्याचीही सोय नसते. बल आणि ऐक्य यांची फेरेन्त्सवारोशला कधी वाण पडली नाही. ती दोन्ही यारोसच्या कारकिर्दीतही होती. नीती मात्र फेब्रुवारी 1945 मध्ये बुडाच्या वेढ्यात एका वृद्ध होत चाललेल्या प्रशिक्षकाने एकट्याने सांभाळली.

आपापल्या संस्थांच्या नावांचा, निशाणांचा आणि मानपानाचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां सर्वांस हे उदाहरण परके वाटू नये. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, मागील सभेचे वृत्त कायम केले जाते. त्याबरोबर आपले ब्रीदही एकदा मोठ्याने वाचावे आणि त्यातील पहिला शब्द कोणता, ते पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.