जुनी स्कूटर घेताना : आधी नाव, मग इंजिन

पुण्यात किंवा नाशिकमध्ये राहणाऱ्या आई-वडिलांसाठी, अथवा दरवर्षीच्या सुट्टीतील वापरासाठी जुनी स्कूटर घेण्याचा निर्णय अनेक अनिवासी मराठी कुटुंबे घेतात. मुक्काम थोडा असल्याने व्यवहार घाईत होतो. पैसे देऊन किल्ली घेतली जाते आणि नोंदणीचे काम ‘नंतर’वर टाकले जाते. यंत्रातील बहुतेक दोष पैसे खर्चून दुरुस्त करता येतात. अपूर्ण कागदपत्रांची किंमत मात्र अपघातानंतरच कळते.

कागदपत्रे

आरसीवरील इंजिन व चॅसी क्रमांक प्रत्यक्ष वाहनावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील, तर व्यवहार तेथेच थांबवावा. केंद्र सरकारच्या ‘एमपरिवहन’ ॲपवर नोंदणीची तारीख, विम्याची व पीयूसीची मुदत पाहता येते. खासगी दुचाकीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते; मुदत संपत आली असल्यास नूतनीकरणाचा खर्च किमतीत धरावा. थकीत ई-चलनेही पाहावीत.

आरसीवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आवश्यक असतो. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. मूळ मालक हयात नसल्यास फॉर्म ३१ द्वारे वारसाच्या नावे नोंद करावी लागते. परराज्यातील नोंदणी असल्यास तेथील ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील कर यांचा हिशेब आधी करावा. दलालाकडील सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर विसंबून राहू नये. नोंदणीकृत मालकाची समक्ष भेट घ्यावी.

मोटार वाहन कायद्यानुसार, एकाच राज्यातील व्यवहार विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, वाहन हातोहात विकले गेले असले तरी नोंदणीवर ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक ठरतो. परदेशी परतण्यापूर्वी आपली जुनी स्कूटर विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

विमा

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकींना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. त्यामुळे ‘विमा चालू आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असूनही स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे संरक्षण संपलेले असू शकते. पॉलिसी नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. ‘नो क्लेम बोनस’ विक्रेत्याकडेच राहतो. मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण केवळ परवानाधारक नोंदणीकृत मालकाला लागू होते. म्हणून स्कूटर जो नेहमी चालवणार, त्याच्याच नावे ती घेणे श्रेयस्कर. परदेशातील केवळ मोटारीच्या परवान्यावर दुचाकी चालवता येत नाही, हेही विसरू नये.

यंत्र

स्कूटर सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास त्यामागचे कारण शोधावे. इंजिन तापल्यानंतरही निळसर धूर येत राहणे हे ऑइल जळत असल्याचे लक्षण होय. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ स्कूटरमध्ये किल्ली फिरवताच इंजिनाचा इशारादिवा लागून, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दोष झाकलेला असण्याची शक्यता असते.

जागेवरून निघताना थरथर जाणवल्यास क्लच व बेल्ट तपासून घ्यावेत. मुख्य स्टँडवर पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल दोन्हीकडे फिरवावे. मध्ये अडकल्यासारखे वाटल्यास बेअरिंग झिजलेले असते. सरळ रस्त्यावर स्कूटर एका बाजूला ओढत असेल, तर चॅसी किंवा पुढचा फोर्क वाकल्याचा संशय घ्यावा. टायरवरील चार अंकी संख्या आठवडा व वर्ष दर्शवते; ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या स्कूटरच्या मीटरच्या काचेत ओल, पॅनेलच्या आत गाळ आणि सीटच्या बिजागरीवर गंज आढळतो. कमी किलोमीटर दाखवणारे मीटर आणि झिजलेल्या मुठी यांचा मेळ बसत नसेल, तर सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात.

व्यवहार

पाहणीस ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि पावतीवर ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहून घ्यावी, कारण त्यापूर्वीच्या दंडाची जबाबदारी त्यावरूनच ठरवता येते. परतीचे विमान पकडण्यापूर्वी हस्तांतरणाच्या अर्जाची पोचपावती हाती असावी आणि आरसीवर नवे नाव येईपर्यंत पाठपुरावा करणारी व्यक्ती नेमलेली असावी.