गुडघ्याचा अस्थिसंधिशोथ : अंतःक्षेपण चिकित्सेचा इतिहास

अस्थींच्या टोकांवरील गुळगुळीत उपास्थी झिजून, लगतच्या अस्थीत बदल होऊन सांध्यात वेदना व ताठरपणा उत्पन्न करणाऱ्या विकारास अस्थिसंधिशोथ म्हणतात. उतारवयात तो गुडघ्यात विशेष आढळतो. महाराष्ट्रात भिगवण (जि. पुणे) येथे अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या पाहणीत ग्रामीण प्रौढांमध्ये सांधे व स्नायूंची दुखणी मोठ्या प्रमाणावर आढळली. बसून खुरपणी, ओझी वाहणे इ. कामांवर उपजीविका असलेल्यांना गुडघेदुखी म्हणजे रोजगाराचाच प्रश्न होय. म्हणून सुईने सरळ सांध्यात औषध सोडण्याच्या, म्हणजे अंतःक्षेपणाच्या, उपचाराचे आकर्षण साहजिक आहे.

या चिकित्सेचा पाया कॉर्टिसोनने घातला. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांवर ते प्रथम वापरले. या संशोधनाबद्दल त्यांना एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांच्यासमवेत १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूत टोचलेले हे औषध साऱ्या शरीरावर परिणाम करी. जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन सांध्यातच टोचून मिळालेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने वेदना काही आठवडे शमतात. तथापि दर तीन महिन्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड टोचल्यास वेदना लवणद्रावापेक्षा अधिक कमी होत नाहीत, उलट उपास्थी अधिक झिजते, असे २०१७ मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसले.

दुसरा टप्पा हायलुरॉनिक अम्लाचा. सांध्यातील द्रवास चिकटपणा देणारे हे द्रव्य कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या नेत्रगोलातील काचाभ द्रव्यापासून वेगळे केले. एंड्रे बॉलॉझ यांनी ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून शुद्ध स्वरूपात मिळविले. मानवी सांध्यांवरील प्राथमिक निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले व १९९७ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मात्र २०२२ मधील विस्तृत समीक्षेत त्याचा वेदनाशामक लाभ अत्यल्प ठरला.

एकविसाव्या शतकात रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव टोचण्याची पद्धत आली. विकार सौम्य वा मध्यम असलेल्या २८८ रुग्णांवरील ऑस्ट्रेलियातील चाचणीत (२०२१) ते वर्षअखेर लवणद्रावापेक्षा सरस ठरले नाही.

झिजलेली उपास्थी पूर्ववत करणारे अंतःक्षेपण अद्याप सिद्ध झालेले नाही. तीव्र वेदनेत स्टेरॉइडचा तात्पुरता उपयोग होतो. पण मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि स्थूल व्यक्तींत वजन घटविणे हाच आरंभीच्या अवस्थेतील मुख्य उपचार होय.