रोबोच्या पोटातली वेठ

'रोबो' हा शब्द यंत्रशाळेत नव्हे, रंगभूमीवर जन्मला. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० मध्ये 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिलं आणि पुढच्याच वर्षी ते प्रागमध्ये रंगमंचावर आलं. कारखान्यात घडवलेल्या श्रमिकांना काय म्हणावं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. लॅटिनवरून 'लाबोरी' हे नाव डोक्यात होतं, पण ते पुस्तकी वाटत होतं. चित्रकार भाऊ योसेफ यांनी 'रोबोट' सुचवलं. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर ठरलेले दिवस फुकट राबणं. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही पद्धत १८४८ मध्ये कायद्याने संपली. शब्द मात्र टिकला. नाटकात रोबो प्रथम घडवणाऱ्याचं नाव रोसुम, आणि चेकमध्ये 'रोझुम' म्हणजे बुद्धी. घडवलेली बुद्धी आणि फुकटचे श्रम यांची गाठ चापेक यांनी अशी नावांतच मारून ठेवली.

मराठीने 'रोबो' उचलला आणि सोबत 'यंत्रमानव' हा स्वतःचा शब्दही केला. शब्द नेटका आहे, पण त्यात घडण आली आणि राबणूक गळाली. खरं तर 'रोबोता'ला मराठीत अगदी सख्खा शब्द होता: वेठ.

वेठ आली संस्कृत 'विष्टि'वरून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टी राजाच्या हक्काची बाब म्हणून येते. इ. स. १५० च्या सुमाराचा रुद्रदामनाचा जुनागढचा शिलालेख मात्र वेगळं सांगतो. फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बंधारा आपण प्रजेला कर आणि विष्टीचा त्रास न देता, स्वतःच्या खजिन्यातून बांधला, असं हा राजा अभिमानाने कोरून ठेवतो. वेठ न घेणं ही मिरवण्याजोगी गोष्ट होती, यावरूनच ती किती सर्रास घेतली जात होती हे कळतं. पुढे फारसीतून 'बेगार' आला, आणि एकाच दुःखाचे दोन शब्द जोडून आपण 'वेठबिगार' केला.

या शब्दाचा महाराष्ट्रातला इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. ठाणे जिल्ह्यातले वारली लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढत आणि ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारली उठले, ते याच वेठीविरुद्ध. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठ बंद केली. घटनेच्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हा शब्द तसाच ठेवला आहे.

आज बांधकामावर 'बिगारी' रोजाने काम करतो. सकाळी मजूर अड्ड्यावर ठेकेदार विचारतो, "मिस्त्री की बिगारी?" आणि त्या उत्तरावर दिवसाची मजुरी ठरते. 'वेठीस धरणे'चं तर पार उलटंच झालं. ज्यांना पूर्वी वेठीला धरत, त्याच कामगारांनी संप केला की 'प्रवाशांना वेठीस धरलं' अशी बातमी येते. राबणाऱ्याचं दुःख सांगणारा शब्द त्याच्यावरच आरोपासारखा वापरला जातो, हे मला फार खटकतं.

रोबोच्या नावातच वेठ आहे, म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत 'वेठ' हा शब्द परत यायला हवा. यंत्र फुकट राबतं, ही समजूत खोटी आहे. चॅटजीपीटीला घाणेरडा मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी केनियातल्या कामगारांनी हिंसेची आणि लैंगिक अत्याचारांची वर्णनं दिवसभर वाचून त्यांवर खुणा केल्या. त्यांच्या हाती तासाला दोन डॉलरहूनही कमी पडत होते, हे २०२३ च्या सुरुवातीला 'टाइम' साप्ताहिकाने उघड केलं. कुणाच्या पाठीवर चाबूक नव्हता. मग ही वेठ म्हणायची का?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याचा विचार १९८२ मध्येच केला आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांचा तो खटला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी राबत असेल तर तीही सक्तीची मजुरीच, कारण भूक आणि दारिद्र्य हीसुद्धा सक्तीच असते, असा न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाचा गाभा आहे. हा निकाल केनियाला लागू नाही, पण प्रश्न तिथेही तोच आहे: परिस्थितीपुढे हतबल झालेल्या माणसाचा होकार हा होकार मानायचा का? आणि ज्यांना न विचारताच त्यांचं लेखन, चित्रं, भाषांतरं यंत्राच्या शिकवणीला वापरली गेली, त्यांचा तर होकारही नाही. एआय आलं म्हणून कचेरीत तिघांचं काम एकावर टाकलं आणि पगार तोच ठेवला, तर वाढलेलं काम कोणत्या खात्यात मांडायचं?

मराठीपुरता हा प्रश्न आत्ताच सोडवण्याची संधी आहे. भारतीय भाषांतले आवाज आणि मजकूर लोकांकडून मिळवण्यासाठी सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पात 'भाषादान' नावाचा उपक्रम आहे. दान हा मोठा शब्द आहे. भाषेवरच्या प्रेमापोटी कुणी जाणूनबुजून आपला आवाज दिला, तर ते खरोखर दानच. पण त्याच आवाजांवर जेव्हा धंदा उभा राहील, तेव्हा त्याला दान म्हणून चालणार नाही. बेंगळुरूची 'कार्या' ही संस्था बोलून-वाचून विदा (डेटा) तयार करणाऱ्या गरीब माणसांना किमान वेतनाच्या कितीतरी पट मोबदला देते आणि विदा पुन्हा विकली गेली तर त्यातही वाटा देते. म्हणजे हे जमतं. अहिराणी, मालवणी, वारली बोलणाऱ्यांचे आवाज घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने मोबदला, पुढच्या विक्रीतला वाटा आणि नकाराचा हक्क या तीन गोष्टी करारात लेखी द्यायलाच हव्यात. त्या नसतील तर त्या कामाला वेठ म्हणावं, आणि ते मोठ्याने म्हणावं.