टाळूतली चावी

न्यू जर्सीत लेकीकडे आले आणि नातीच्या टाळूला रोज रात्री चावी द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ती उशीवर मान मागे टाकून आ करते, लेक मोबाइलचा टॉर्च धरते आणि मी दाढांना जखडलेल्या स्क्रूच्या भोकात बारीक तारेची चावी घालून घशाच्या दिशेनं ढकलते. पुढचं भोक दिसलं की झालं. जबडा साधारण पाव मिलिमीटर रुंद. "आजी, थंपलं?" ती विचारते. तोंडात हे धूड आल्यापासून तिच्या 'स'चा 'थ' झालाय.

टाळू आपल्याकडे दोन. तान्ह्या बाळाची तेलानं भरायची ती एक, तोंडातली दुसरी. दोन्हीकडे हाडं अजून पक्की सांधलेली नसतात. वरच्या जबड्याचे दोन भाग मधोमध शिवणीनं जुळलेले असतात. वय वाढेल तशी ही शिवण घट्ट विणली जाते. लहानपणी तिला ताण दिला तर ती उसवते आणि मधल्या जागेत नवं हाड भरतं.

हे छापून पहिल्यांदा सांगितलं सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल या दंतवैद्यानं, १८६० मध्ये. साडेचौदा वर्षांची मुलगी होती. एंजेलनं वरच्या दातांमध्ये आडवा स्क्रू बसवला, चावी तिच्याच हातात दिली आणि तो सतत घट्ट ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन दातांत फट पडली. नुसते दात सरकलेले नाहीत, हाडंच विलग झालीत, हे त्यानं त्यावरून ताडलं. 'डेंटल कॉसमॉस'नं लेख छापला, पण संपादक मॅक्विलन यांनी शरीररचना पाहता हे फारच शंकास्पद असल्याचं म्हटलं. क्ष-किरण सापडायला अजून ३५ वर्षं होती. एंजेल बापडा फटीखेरीज दाखवणार काय?

पुढे दंतवैद्य एडवर्ड अँगल यांचा दबदबा वाढला (दोघांचं नातं काही नाही). दात योग्य जागी नेले की हाड आपसूक वाढतं, असं त्यांचं मत. हळूहळू अमेरिकेत हा स्क्रू मागे पडला; तग धरला तो युरोपात. १९५० च्या दशकात जर्मनीचे दंतवैद्य कोर्कहाउस इलिनॉय विद्यापीठात आले आणि तिथं या उपचाराची चर्चा पुन्हा सुरू झाली. तिथल्याच अँड्र्यू हास यांनी आधी डुकरांवर प्रयोग केले, मग माणसांवर, आणि १९६१ मध्ये निबंध लिहिला. टाळू रुंदावली की नाकाची पोकळीही रुंदावते, हेही त्यात होतं. हासच्या यंत्रात टाळूला टेकणारा अ‍ॅक्रिलिकचा थर असे. १९६८ मध्ये बीडरमन यांनी तो वगळून नुसतं धातूचं, स्वच्छ ठेवायला सोपं यंत्र मांडलं. तेच 'हायरॅक्स', नातीच्या तोंडातलं.

नाकाच्या त्या निरीक्षणावरून हल्ली घोरण्यावरही हाच इलाज सुचवला जातो. जबडा मुळात अरुंद नसेल तर केवळ झोपेसाठी तो रुंदावू नये, असं अमेरिकेतल्या ऑर्थोडाँटिस्टांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, आणि मला ते पटतं. नातीच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत होत्या, म्हणून हा खटाटोप.

दुसऱ्या आठवड्यात तिचीही फट उघडली. फोटोत तोंड मिटून उभी राहिली बिचारी. आता चावी बंद आहे; नवं हाड पक्कं होईपर्यंत यंत्र तोंडातच राहणार. फट मात्र आपोआप मिटत चाललीय. आधी तिच्यातून टूथपिक आरपार जायची. काल तिनं शाळेच्या वहीचा कागद सरकवून पाहिला, आणि तो अडकला.