सदोष वैभवाचे मोल

वापरलेल्या, परंतु एके काळी थोर किमतीच्या वाहनाचे रास्त मोल कसे ठरवावे, हा प्रश्न मोटारीबरोबर आपल्याकडे आला असे समजण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात क्रीतानुशयाचे, म्हणजे खरेदीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाचे, जे प्रकरण आहे, त्यात मालाची परीक्षा करण्यासाठी खरीददाराला निरनिराळी मुदत दिलेली आढळते: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, रत्नाला सात, बियाण्याला दहा आणि वाहनाच्या जनावराला पाच. हा भेद मला अत्यंत विचारपूर्वक केलेला वाटतो. जनावर दावणीला उभे असताना त्याचे अंग दिसते, रंग दिसतो, दात पाहून वयाचाही अजमास बांधता येतो. पण त्याचा दम, त्याची चाल आणि त्याची खोड ही जुंपल्यावाचून कळत नाहीत, आणि पहिल्या दिवशी दबून राहिलेले जनावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपला मूळ स्वभाव प्रकट करते. कल्याणीच्या चालुक्य दरबारी राहून विज्ञानेश्वराने ज्या स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि जी टीका पुढे महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली, त्या स्मृतीने वाहनाच्या सौद्यात विकणाऱ्याच्या वाणीपेक्षा वापराच्या अनुभवाला अधिक मान दिला, ही गोष्ट या व्यवहाराचा इतिहास सांगताना प्रथम नमूद केली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई हे अरबी घोड्यांच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. बसरा आणि इराणी आखातातील बंदरांतून गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी घोडे येत, भेंडीबाजार-भायखळ्याकडच्या तबेल्यांत त्यांना खाऊपिऊ घालून सागरप्रवासाचा शीण घालवीत, आणि मग पलटणींचे अंमलदार, शर्यतींचे षौकीन व संस्थानिकांचे कारभारी त्यांची पारख करावयास येत. या उमद्या जनावरांतही लंगडेपणा, दमा, डोळ्यांतील फूल, चावण्याची किंवा उधळण्याची खोड असे दोष असत. ते झाकणारे सौदागर होते आणि ते हुडकणारे पारखीही होते.

सन 1872 च्या करारविषयक कायद्यात मौन आणि लबाडी यांतील सीमारेषा समजावून सांगताना कायदा करणाऱ्यांनी जी उदाहरणे घेतली, त्यांतली पहिली तीन घोड्याच्या विक्रीचीच आहेत. सतराव्या कलमाखाली ती आजही वाचावयास मिळतात. आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही मालकाने लिलावात त्याविषयी अक्षर काढले नाही, तर ती लबाडी ठरत नाही. परंतु घेणारी व्यक्ती त्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर दोष सांगणे हे नात्यामुळेच त्याचे कर्तव्य होते. आणि घेणाऱ्याने जर स्पष्ट बजावले, की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन, तर त्यानंतरचे मौन हे बोलण्याच्याच तोलाचे होते. सौद्याचे सारे शास्त्र या तिसऱ्या उदाहरणात सामावलेले आहे असे माझे मत आहे. विकणाऱ्याने आपण होऊन दोष सांगावेत असा सक्त नियम कायद्याने घातला नाही. पण नेमका प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती त्याने एक शस्त्र दिले, आणि मुंबईच्या मोटारबाजारात पुढे जे चांगले गिऱ्हाईक म्हणून नावाजले गेले, ते घासाघीस करणारे नसून प्रश्न विचारणारे होते.

मोटार मुंबईत आली ती 1898 च्या सुमारास, आणि जमशेटजी टाटांसारख्या मोजक्या धनिकांच्या दारी ती प्रथम उभी राहिली. दहा वर्षांनी, 1908 साली, मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी घेण्यात आली. घाटांच्या त्या वाटेवर रोल्स-रॉइस कंपनीची ‘पर्ल ऑफ दि ईस्ट’ नावाची गाडी यशस्वी ठरली, आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. घाटात आपला दम दाखवून मग दरबारी रुजू झालेल्या त्या गाडीची खरेदी ही जणू पाच दिवसांच्या जुन्या परीक्षेचीच नवी आवृत्ती होती. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत हिंदुस्थानातील संस्थानिकांनी विलायतेहून किती आणि कसल्या गाड्या आणविल्या, त्यांच्या सोन्याचांदीच्या मुलाम्यांच्या कहाण्या काय आहेत, हे वाचकांस ठाऊक आहे. त्यात मी शिरत नाही. त्या गाड्या दुसऱ्या हाती कशा गेल्या, इकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि गॅलनला दहा-बारा मैल जाणाऱ्या या प्रचंड गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवण्यात आल्या. मार्च 1948 मध्ये सांगली, मिरज, फलटण, औंध, भोर आदी दक्षिणी संस्थाने आणि 1949 मध्ये कोल्हापूर व बडोदे ही मुंबई प्रांतात विलीन झाली. खाजगी मिळकत कोणती आणि दौलतीची कोणती याच्या याद्या झाल्या. तनखे ठरले, परंतु शोफर, क्लीनर, गराज आणि पेट्रोल यांचा पूर्वीचा इतमाम तनख्यांतून चालेना. तेव्हा ठिकठिकाणच्या मोटारखान्यांतून बुइक, पॅकार्ड, डेमलर, रोल्स-रॉइस अशा गाड्या निघून मुंबईच्या बाजारात येऊ लागल्या. मालक स्वतः सौद्याला बसत नसे. त्याचा कारभारी किंवा मुखत्यार येई, गिऱ्हाइकाकडून दलाल येई, आणि या दोघांमध्ये ज्याच्या शब्दाला खरे वजन असे, तो तिसरा इसम म्हणजे मिस्त्री.

या मिस्त्रीची पाहणी हा या व्यवहाराचा गाभा होय, आणि म्हणून तिचे वर्णन थोडे विस्ताराने केले पाहिजे. जाणता मिस्त्री गाडी पाहावयास सकाळी लवकर जाई, आणि बॉनेट उघडण्यापूर्वी रेडिएटरवर तळहात ठेवी. तो कोमट लागला, तर आपण येण्याआधी कोणीतरी इंजिन तापवून ठेवले आहे, म्हणजे थंड असताना ते सहज सुरू होत नाही, हे तो मनाशी टिपून घेई. मग हँडल घालून इंजिन हाताने सावकाश फिरवी. प्रत्येक सिलिंडरची दाब धरण्याची शक्ती मनगटाला कळते, आणि एखाद्या फेऱ्यात हँडल निसटल्यासारखे हलके गेले, तर तेथील रिंग किंवा व्हॉल्व्ह गेला हे सांगावयास यंत्राची जरुरी पडत नाही. इंजिन सुरू झाल्यावर निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांचा आवाज अतिशय मऊ लागला, तर त्याचा संशय उलट वाढे, कारण झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबण्यासाठी घट्ट वंगणात लाकडाचा भुसा मिसळून भरण्याची युक्ती या धंद्यात सर्वश्रुत होती. अशा वेळी तो निचऱ्याचा बोल्ट सैल करून दोन थेंब बोटांवर घेई आणि चोळून पाही. मैलांचा आकडा तो वाचीतच नसे. तो पायाखालच्या ब्रेकच्या पेडलवरचे रबर पाही, कारण आकडा मागे फिरविता येतो, पण झिजलेले रबर पुन्हा भरून येत नाही.

त्यानंतर बॉडी. जुन्या काळी थोर कंपन्या बहुधा इंजिनासह केवळ चासी विकीत, आणि तीवर बॉडी चढवून देणारे कारागीर वेगळे असत. ते लाकडाचा सांगाडा उभारून त्यावर पत्रा मढवीत. मुंबईची खारी हवा आणि पावसाळ्याचे चार महिने यांनी हा सांगाडा आतून कुजे, आणि बाहेर रंग आरशासारखा चकाकत राही. म्हणून मिस्त्री दार उघडून ते अलगद वर उचलून पाही. ते हललेच तर बिजागऱ्यांचे स्क्रू धरणारे लाकूडच उरलेले नाही हे उघड होई. लोखंडी पत्र्यावर तो लोहचुंबक फिरवी, आणि जेथे तो चिकटत नसे, तेथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे अशी खडूने खूण करून ठेवी. पाहणी संपली म्हणजे त्या राजेशाही गाडीच्या अंगावर खडूच्या खुणा दिसत, आणि कारभाऱ्याला त्या पाहवत नसत.

परंतु खरी वाटाघाट येथून सुरू होई. समजा, कारभाऱ्याने बारा हजार सांगितले. कच्चे गिऱ्हाईक सहा म्हणे, आणि मग दोघे नऊवर भेटत; हा मध्यबिंदू दोन आग्रहांचा असे, गाडीच्या लायकीचा नव्हे. पक्के गिऱ्हाईक प्रथम आपला आकडा सांगतच नसे. ते मिस्त्रीला प्रत्येक खुणेचा खर्च मोठ्याने मांडावयास लावी: रिंगा बदलून बोअर करावयास अमुक, चार टायरांस तमुक, सांगाड्याच्या सुताराची मजुरी, आणि दुरुस्तीत जे दोन महिने गाडी उभी राहील त्यांचे. ही बेरीज निर्दोष गाडीच्या चालू भावातून वजा करून जे उरे, तोच देकार. कारभाऱ्याला तो मानवला नाही, तर त्याने एखादी बाब खोटी ठरवावी. गाडीच्या थोरवीवर व्याख्यान देण्यास मग जागा उरत नसे. दोष लपविण्याची खटपट ज्या सौद्यात थांबे, त्या सौद्यात आवाजही चढत नसत असे मी जुन्या दलालांकडून ऐकले आहे, आणि ते मला पूर्णतया पटते. मान्य झालेले दोष पावतीवर लिहून घेऊन इसार देत, हीच उत्तम रीत. कारण 1930 च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणे, माल पारखून घेणाऱ्याला जो दोष पारखीत दिसावयास हवा होता, त्याबद्दल पुढे तक्रार करता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर आयातबंदीने मात्र या गणिताचा पायाच हलविला. शिवडीला 1928 पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 साली येथला कारखाना बंद केला. परदेशी गाडी आणणे दुर्घट झाले. देशात बनणाऱ्या फियाटसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी लागली आणि वापरलेली फियाट नव्या गाडीच्या नियंत्रित किमतीहून अधिक दामाने विकली जाऊ लागली. यातून एक विपरीत स्थिती उद्भवली. लहान गाडीचे सारे दोष गिऱ्हाईक निमूटपणे पत्करी, कारण तिचे भाग कुर्ल्याच्या भंगारात किंवा ऑपेरा हाउसच्या दुकानांत मिळत. आणि राजवाड्यातून आलेल्या रोल्सचा एक लहानसा भाग मोडला, तरी तो मागविण्यास परवाना मिळेना, त्यामुळे ती सबंध गाडी अनेकदा फियाटहून कमी दामात जाई. सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनने परकीय वकिलातींच्या गाड्या घेऊन विकण्यास आरंभ केला, तेव्हा तेथे माल जसा आहे, जेथे आहे, त्याच स्थितीत उचलावा लागे. लिलावातील घोड्याचे ते मौन येथे सरकारी अटींच्या रूपाने परत आले, आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणारा कोणी समोर उरला नाही. या पद्धतीत व्यवस्थेची सोय होती, पण न्याय नव्हता.

सन 1971 मध्ये तनखे रद्द झाले आणि 1973 च्या अखेरीस पेट्रोल कडाडले. एवढ्या अल्पावधीत आलेल्या या दोन आघातांनी थोर गाड्यांचा भाव रसातळाला गेला. कित्येक भंगारात तुटल्या. कित्येकांचे आठ सिलिंडरांचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी डिझेलचे इंजिन बसविण्यात आले, आणि डॉज, प्लिमथ यांसारख्या अमेरिकन गाड्या वऱ्हाडे वाहू लागल्या. त्या काळच्या मिस्त्रीने डिझेलचा हा बदल गाडीच्या गुणांत मांडला, किंमत वाढविली, आणि त्या वेळेपुरते त्याचे बरोबरच होते. आज त्याच गाड्या संग्राहक शोधीत येतात, तेव्हा तो बदल हाच पहिला आणि सर्वांत महाग दोष ठरतो. उलट उडालेला मूळ रंग आणि विरलेले मूळ चामडे यांना कोणी हात लावू देत नाही. जो नवा चकचकीत रंग एके काळी कारभारी विक्रीपूर्वी मुद्दाम मारून घेई, त्याचेच पैसे आता देकारातून कापले जातात. लोहचुंबक अजून फिरतो, दार अजून उचलून पाहतात. परंतु पारखी आता प्रथम टॉर्च घेऊन चासीवर ठोकलेला नंबर वाचतो, मग इंजिनावरचा वाचतो, आणि दोन्ही जुन्या नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय भावाची गोष्ट काढीत नाही.